‘नाही’ म्हणता येईल असं वाक्य

एळ्ळ अमावास्या, म्हणजे मार्गशीर्षातली अवस, होऊन गेली, की धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पेरूचा वास भरतो. नवलूरच्या बायका पाट्या घेऊन चढतात, कंडक्टर पाट्यांवरून कुरकुरतो, एखादी बाई त्याच्या हातावर पेरू ठेवते आणि कुरकुर थांबते. खिडकीबाहेर, घरांच्या मधे मधे उरलेल्या काळ्या रानांत जोंधळा कणसाला आलेला असतो. गेल्या वर्षी जिथं कणसं होती तिथं ह्या वर्षी कुंपण दिसतं. आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत नववीच्या मुलांची वाक्यं असतात. निबंध नव्हेत, नुसती वाक्यं, प्रत्येकाचं एक. त्या एका वाक्यात मुलानं इतिहासाबद्दल स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतं, आणि पुढच्या तीन-चार पानांत ते पटवून द्यायचं असतं.

हे वाक्य कसं लिहायचं ते मी शिकवते. काही वर्षं झाली शिकवते आहे. तरी दर वर्षी ह्याच दिवसांत, ती वाक्यं वाचता वाचता माझा असा काही गोंधळ उडतो, की हुबळीचा स्टँड आला तरी उठायचं भान राहत नाही. वाक्य चांगलं आहे की नाही, हे मला सांगता येतं. ते लिहायला लावणं चांगलं की नाही, हे मात्र येत नाही. पूर्वी, इतिहास नुसता पाठ करून घेत होते तेव्हा, असं नव्हतं. हा गोंधळ रेवतीच्या वर्षापासूनचा.

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडपासून थोडी आत. मुलं लिहितात इंग्रजीत, विचार करतात कन्नडात, आणि त्यांतली बरीचशी घरी मराठीत भांडतात. त्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. इतिहासाचं पाठांतर पुरे झालं, असं त्यांचं मत पडलं. प्रत्येक मुलानं आपल्या घराच्या, गल्लीच्या नाहीतर गावाच्या इतिहासावर एक छोटा लेख लिहायचा, आणि त्याच्या डोक्यावर ‘थीसिस स्टेटमेंट’ हवं. एवढा मोठा शब्द ऐकून मुलं घाबरली. मीही थोडी घाबरले होते. फळ्याकडे तोंड करून मी मनात शब्द शोधत होते. सिद्धान्त म्हणावं? प्रतिपादन? सगळेच जड. तेवढ्यात मागच्या बाकावर कंपासपेटीवरून दोघांची जुंपली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “काय रे, तुझं म्हणणं काय आहे?” आणि शब्द सापडला. म्हणणं. कन्नडातही तसंच विचारतात की, “नी एन हेळती?” तू काय म्हणतोस? तेच लिहायचं.

पण मुलांना काही म्हणायचंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात जी वाक्यं आली त्यांत सगळंच ‘फार महत्त्वाचं’ होतं. हुबळी फार महत्त्वाचं शहर आहे. आमचं देऊळ फार महत्त्वाचं आहे. इतिहास हा फार महत्त्वाचा विषय आहे. मी फळ्याच्या कोपऱ्यात ‘महत्त्वाचं’ लिहिलं आणि त्याच्यावर फुली मारली. मग खाली लिहिलं, ‘हुबळीत रेल्वे आली.’

“ह्याला कोणी नाही म्हणेल का?”

“नाही, टीचर.”

“मग हे म्हणणं नव्हे. ही माहिती झाली.” पुढं लिहिलं, ‘रेल्वे छान असते.’ “आणि ही झाली आवड. तुला छान, मला नाही, बोलणंच संपलं. म्हणणं कसं हवं? शहाण्या माणसाला त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि तो नाही म्हणाला, की आपल्याकडे ‘कारण’ पाहिजे. आणि ते कारण दाखवता आलं पाहिजे.”

त्या वर्गात भाग्यश्री नावाची एक मुलगी होती. धारवाडजवळच्या बेलूरहून यायची, वडील तिथल्या एका कारखान्यात होते. तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. “आमच्या गावाजवळ कारखाने आले म्हणून बायका पहिल्यांदा कामाला बाहेर पडल्या. चालेल?”

“चालेल का? कोण नाही म्हणतं?”

मागून एक मुलगा उठला. “माझी अज्जी कारखान्याच्या आधीपासून दुसऱ्यांच्या शेतात जात होती. ते काम नाही काय?”

“ते मजुरी. मी पगाराचं म्हणते.”

“काय फरक?”

भाग्यश्री थांबली. विचार केला. मग म्हणाली, “टीचर, मला आधी ‘काम’ म्हणजे काय ते लिहावं लागेल.”

त्या तासाला मी इतकी खूश झाले, की बसमध्ये शेजारच्या पेरूवाल्या बाईला उगाचच सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शेतातलं काम काम नाही म्हणते काय ती पोरगी? तिला पाठवा माझ्याकडं.”

वर्गात नियमच करून टाकला. एकानं वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी नाही म्हणायचं. प्रश्न विचारायला लाजायचं नाही. ज्याचं वाक्य प्रश्नांपुढं टिकेल त्याचं खरं.

रेवती खिडकीकडच्या रांगेत बसायची. मुलगी हळू बोलणारी, अक्षर टपोरं. घरचं कापडाचं दुकान, बाजारात. पणजोबा कोल्हापूरकडून आलेले. तिचं वाक्य होतं, ‘माझ्या पणजोबांनी हुबळीत येऊन कापडाचं दुकान घातलं.’

“ही माहिती झाली, रेवती. ह्याला नाही कोण म्हणेल?”

“कोणीच नाही, टीचर. दुकानात त्यांचा फोटो आहे. रोज हार घालतात.”

घंटा होत होती, मुलं दप्तरं आवरत होती. मी म्हटलं, “घरी विचारून बघ. सगळे हो म्हणतात तिथं एखादं तरी नाही म्हणणारं माणूस असतं.”

बोलता बोलता सहज म्हटलेलं वाक्य. अशी किती वाक्यं आम्ही शिक्षक दिवसभर बोलतो.

संक्रांतीच्या सुटीत रेवतीच्या घरी अळणावरच्या आजी आल्या. रेवतीचे आजोबा, ज्यांना सगळा बाजार अण्णा म्हणतो आणि रेवती अज्जा म्हणते, त्यांची ही मोठी बहीण. अण्णा तिला अक्का म्हणतात म्हणून सगळं घरच अक्का म्हणतं. अळणावरला तिच्या सासरी लाकडाची वखार होती. आता वखार नाही, अक्का आहेत. पंगतीत शेंगाची होळगी, म्हणजे दाण्याच्या कुटाची पोळी, वाढता वाढता रेवतीनं विचारलं, की आपलं दुकान पणजोबांनी घातलं ह्याला कोणी नाही म्हणेल का? सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. होळगीवर तूप घेत म्हणाल्या, “दुकान आप्पांनी कुठलं घातलंय? दुकान अव्वानं घातलं.”

आप्पा म्हणजे फोटोतले पणजोबा, आणि अव्वा म्हणजे अण्णांची आणि अक्कांची आई. रेवतीची पणजी. तिचा घरात फोटोही नव्हता.

सुटीनंतर रेवती वर्गात आली ती वाक्य घेऊनच. ‘आमचं दुकान पणजोबांनी नाही, माझ्या पणजीनं घातलं.’ तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. वर्ग एकदम ताजातवाना झाला. “कशावरून?” “पुरावा काय?” “मग फोटो पणजोबांचा का?” मी एका बाजूला उभी राहून बघत होते. मला वाटलं होतं, बस, हेच तर शिकवायचं होतं.

त्याच आठवड्यात रेवतीचे वडील शाळेत आले. सतीश त्यांचं नाव. पायरीवर चपला काढून स्टाफरूममध्ये आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“टीचर, तुमच्यावर राग नाही. पण परवापासून अण्णा खाली दुकानात आले नाहीत. ताप नाही, काही नाही. वरच बसून आहेत. रेवतीनं त्यांना विचारलं, तुमच्याकडं पुरावा काय आहे म्हणून. अण्णांना! पुरावा!”

“तिनं उद्धटपणे विचारलं का?”

“उद्धट असती तर बरं होतं. ओरडलो असतो. हळू विचारते ती. शेजारी बसून, पाण्याचा तांब्या देऊन विचारते.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “रेवतीला दुसरा विषय द्या की. रेल्वे द्या. नाहीतर तुम्हीच घरी या. तुम्ही काढलेलं, तुम्हीच मिटवा.”

त्या संध्याकाळी धारवाडला घरी चहा घेताना मी हे सगळं यजमानांना सांगितलं. ते वकील. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “कोर्टात दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, पण निकाल तिसरा माणूस देतो. तुझ्या वर्गात निकाल कोण देतं?”

“वर्गच देतो. म्हणजे, पुराव्यावर.”

“आणि त्या घरात?”

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यांना असे प्रश्न विचारून पेपर वाचता येतो, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

रविवारी मी गेले. खाली दुकान, वर घर. जिन्यातच कोऱ्या कापडाचा वास. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. पांढरं स्वच्छ धोतर, अंगात लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट. अक्का जमिनीवर भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. मला बघून अण्णा उठले, हात जोडले, सुनेला पाणी आणायला सांगितलं. आदरातिथ्यात काही कमी नव्हतं, म्हणून मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

“विचारा काय विचारायचं ते,” अण्णा म्हणाले. “आप्पा डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन इथं आले. गल्लोगल्ली फिरून विकलं. मग दुकान घातलं. हेच सांगत आलो. माझ्या मुलांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. आता पोरगी म्हणते नाही.”

“मी नाही म्हणत नाही, अज्जा,” रेवती म्हणाली. “मी विचारते.”

“तुम्हाला आठवणारं दुकान कसं होतं, अण्णा?” मी विचारलं. “अगदी पहिलं.”

ते जरा शांत झाले. झोपाळा पायानं थांबवला. “लहान होतं. एक खोली. मी अव्वाच्या मांडीवर निजलेला असायचो. ती कापड मोजायची. लोखंडी गज होता. मोजताना तो माझ्या गालाला लागायचा. थंड. आत्ता सांगताना पण लागतोय बघा.” त्यांनी गालावरून हात फिरवला.

“म्हणजे गिऱ्हाईक अव्वा बघायच्या?”

“बघायची की. खण तिच्यासारखा कोणी दाखवला नाही. बायका तिच्याकडंच यायच्या.”

“आणि आप्पा?” हे रेवतीनं विचारलं.

“खरेदीला जायचे.”

“कुठं, अज्जा?”

“लांब. माल काय घरात बसून मिळतोय?”

“किती दिवसांनी यायचे?”

“यायचे की,” अण्णांचा आवाज चढला. “येत नव्हते असं कोण म्हणतंय? खरेदीला जाणारा माणूस माल घेऊनच येणार. दुकान त्यांचं. अव्वा बसत होती ती त्यांच्या दुकानात बसत होती.”

अक्कांचे हात थांबले होते. शेंगा तशाच मांडीवर. त्यांनी भावाकडं बघितलं, मग फरशीकडं. माझ्या डोक्यात भाग्यश्रीचा प्रश्न घोळत होता. काम म्हणजे काय? तसंच, दुकान घालणं म्हणजे काय? गाठोडं आणणं, की गज हातात घेऊन बसणं? ज्याचं नाव तो, की जो दार उघडतो तो? मला वाटलं, अण्णांना हे नीट समजावून सांगितलं तर दोघांचंही खरं ठरेल. शिक्षकाला कुठंही वर्गच दिसतो.

मी निघाले तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. शेंगा द्यायच्या निमित्तानं. रेवती माझ्या मागोमाग आली. अक्कांनी तिला जा म्हटलं नाही.

“खरेदी कसली, बाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माणूस गेला होता. न सांगता. एक दिवाळी गेली, दुसरी आली. पत्ता नाही. अव्वानं घरातले खण बाहेर काढले, शेजारच्या बायकांना विकले. मग पुढच्या खोलीत पाट मांडला. तेच दुकान. मी मागं भाकरी करायची, हा तिच्या मांडीवर.”

“मग ते परत कधी आले?”

“आला एका दिवशी. पेठेत जाऊन आल्यासारखा. अव्वानं पाणी दिलं. उठली पाटावरनं. दुसऱ्या दिवसापासून तिथं तो.”

“कुठं गेले होते, अक्काअज्जी?” रेवतीनं विचारलं.

“अव्वानं विचारलं नाही. मग मी कोण विचारणार?” अक्कांनी शेंगा पिशवीत ओतल्या. “हा बारका होता. त्याला काय कळतंय. त्याला आम्ही खरेदीच सांगितलं. अव्वानं मला शपथ घातलेली. पोरी, तू अव्वाचं लिही. लिहायलाच पाहिजे. पण ते लिहू नको. ह्या वयात त्याच्याकडनं त्याचा बाप काढून घेऊ नका.”

जिना उतरताना रेवती मधल्या पायरीवर थांबली. खाली दुकानात कोणीतरी थान उलगडत होतं, टेबलावर आपटल्याचा धप्प आवाज येत होता.

“टीचर, आता काय लिहू?”

मी शेंगांची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“पणजीनं दुकान घातलं, कारण पणजोबा निघून गेले होते. हे खरं कारण. कारणाशिवाय म्हणणं पुरं होत नाही, तुम्हीच सांगितलंय. आणि हे कारण लिहिलं तर अज्जा...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“मला कळत नाही, रेवती.”

“तुम्हाला?”

“मला पण.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं होतं ती निराश होईल. तसं दिसलं नाही. ती एक पायरी खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, एवढंच.

आता इतक्या वर्षांनी त्या पायरीचा विचार करते तेव्हा काय काय सुचतं. म्हणायला हवं होतं, विषय बदल. म्हणायला हवं होतं, खरं ते लिही. दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत आणि दोन्हींना मी स्वतःच नाही म्हणू शकते. पुस्तकातल्या इतिहासाचं बरं असतं. तिथं ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं झोपाळ्यावर बसून आपल्याला पाणी देत नाहीत. ह्या वर्षीच्या पिशवीत एका मुलाचं वाक्य आहे, ‘आमच्या आजोबांनी गाव दुष्काळामुळं नाही, भावाशी भांडण झाल्यामुळं सोडलं.’ नेटकं वाक्य. नाही म्हणता येईल असं. शेजारी समासात ‘कशावरून?’ एवढंच लिहायचं, नेहमीसारखं. आज सकाळी बसमध्ये लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. कशावरून, म्हणजे तो घरी जाऊन विचारणार. कोणाच्या तरी शेजारी बसून, तांब्या देऊन विचारणार. नवलूर गेलं, विद्यानगर गेलं, टोपण तसंच. रेवती आता धारवाडला कॉलेजात आहे. कॉमर्स घेतलंय. इतिहास का नाही घेतलास, म्हणून विचारलं तर हसून म्हणाली, “एकदा पुरे झाला, टीचर.” ते ती गमतीनं म्हणाली की खरं, हेही मला कळलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधी शाळेत लेख वाचायचा कार्यक्रम झाला. दुपारची वेळ, ऊन तापू लागलेलं, हॉलमधले पंखे त्या मोसमात पहिल्यांदा लावलेले. पालक आले होते, म्हणून मुलांनी आपलं म्हणणं आधी इंग्रजीत आणि मग घरच्या भाषेत वाचायचं ठरलं होतं. आणि नियम तोच. वाचून झालं की कोणीही प्रश्न विचारावा. सतीश आले. त्यांच्याबरोबर अण्णा आले, डोक्यावर काळी टोपी. आणि अळणावरहून खास गाडीनं अक्का. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. रेवतीनं अज्जाला विचारूनच लेख लिहिला होता. “गजाचं लिही,” एवढं ते म्हणाले होते म्हणे. तिनं लेख मला आधी दाखवला होता. मी त्यातली स्पेलिंगं सुधारली, दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

रेवती उभी राहिली. इंग्रजीतलं वाक्य वाचलं, मग मराठीतलं. “आमचं दुकान माझ्या पणजीनं घातलं असं मी म्हणते, कारण दुकान नावानं उभं राहत नाही, गिऱ्हाईकासमोर बसणाऱ्या माणसानं उभं राहतं, आणि माझ्या अज्जांना आठवणाऱ्या पहिल्या दुकानात पणजी एकटी बसलेली आहे.” मग तिनं मांडीवर निजलेल्या मुलाचं वाचलं, गालाला लागणाऱ्या गजाचं वाचलं. खण घ्यायला येणाऱ्या बायकांचं वाचलं. लेख चांगला झाला होता. न लिहिलेली गोष्ट कुठं आहे ते फक्त आम्हा तिघींना माहीत होतं. मला, रेवतीला आणि अक्कांना. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात भाग्यश्रीनं हात वर केला. तिच्या मनात काही नव्हतं. प्रश्न होता म्हणून विचारला. कोणीही विचारला असता, इतका तो समोर होता.

“आग निम्म मुत्तज्जा एल्लिद्रु?” तेव्हा तुझे पणजोबा कुठं होते?

रेवतीनं माझ्याकडं बघितलं. वेळ संपली, पुढचा लेख, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं. पण मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे राहिले होते. एक हात सतीशच्या खांद्यावर.

“होगिद्रु,” ते म्हणाले. गेले होते.

मग ते त्या मुलीकडं बघून कन्नडातच बोलत राहिले, संथ, दुकानात भाव सांगावा तसे. “न सांगता गेले होते. कुठं, ते मला माहीत नाही. परत आले. परत आले म्हणून आमच्या घरात ‘गेले होते’ असं म्हणत नाहीत. मी दारात बसायचो. अव्वा म्हणायची, खरेदीला गेलेत, येतील. मी हो म्हणायचो. मी हो म्हटलं, की तिला बरं वाटायचं.”

भाग्यश्री उभीच होती, तोंड लाल झालेलं. “सॉरी, अज्जा,” ती पुटपुटली.

“सॉरी याक? नी केळिद्द बरोबर ऐती,” अण्णा म्हणाले. सॉरी कशाला, तू विचारलंस ते बरोबर आहे. आणि ते बसले. खाली बसताना त्यांना जरा वेळ लागला. सतीशनं त्यांचा हात धरला होता, आणि बसल्यावरही सोडला नाही.

पुढं कोणी काय वाचलं ते मला आठवत नाही. रेवती जागेवर येऊन बसली, रडली नाही, हसलीही नाही. मी तिच्या लेखाला किती मार्क दिले तेही आता आठवत नाही. भरपूर दिले असणार. पण मार्क देताना मी कशाला देत होते, लिहिलेल्याला की न लिहिलेल्याला, हे तेव्हाही उमजलं नव्हतं. एवढं मात्र मनात येत होतं, की आम्ही तिघी ज्या माणसाला सांभाळत होतो तो आमच्याआधीपासून दुसऱ्या कोणाला तरी सांभाळत आला होता. ह्यातलं बरोबर कुठलं आणि चूक कुठलं, हे फळ्यावर मांडायला गेले तर मला एक वाक्य धड लिहिता येणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना निरोप द्यायला बाहेर आले. सतीश आणि रेवती गाडी आणायला फाटकाकडं गेले होते. अण्णा आणि अक्का पटांगणातून सावकाश चालत होते, आणि मी दोन पावलं मागं. अक्का मधेच थांबल्या.

“तुला ठाऊक होतं?”

“हं.”

“कधीपासनं?”

“तेव्हापासनं.”

“तू तर एवढासा होतास रे.” अक्कांनी गुडघ्याच्या उंचीवर हात धरून दाखवला. “मग एकदा तरी बोलायचं नाहीस? इतकी वर्षं मी आपली खरेदी, खरेदी करत बसले.”

“तू इतक्या मनापासून सांगायचीस,” अण्णा म्हणाले. “तुला नाही कसं म्हणू?”

अक्कांनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण खांदे हलत होते ते हसण्यानं की कशानं, मागून दिसत नव्हतं. जवळच झाडाखाली मुलांचा डबा खायचा बाक होता, त्याच्यावर त्या बसल्या आणि शेजारची जागा हातानं पुसली.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. “आणि काय काय ठाऊक आहे तुला, ते सांग आता.”

अण्णा बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. फाटकाशी सतीशची गाडी आली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. दोघांतलं कोणी उठलं नाही.